सव्वीस नंबरचे खांब

नाव: कै. सभासद क्रमांक सव्वीस यांची पत्नी. वय: अंदाजे सत्तेचाळीस. बांधा: मध्यम. व्यवसाय: घरकाम. मासेमारीचा पूर्वानुभव: निरंक. ओळखीची खूण: डाव्या हाताची करंगळी व अनामिका मुळापासून नाहीत. इजेचे कारण: राहत्या घरी खिडकीत हात सापडणे. वर्तन: एक प्रसंग वगळता समाधानकारक.

हा मजकूर मच्छीमार संस्थेच्या सभासद नोंदवहीत आहे. संस्थेच्या सेक्रेटरीने तो स्वहस्ते, वळणदार अक्षरात लिहिला आहे. सेक्रेटरी माणूस सज्जन. पण धक्क्यावर नुसतं उभं राहिलं तरी त्याला मळमळतं. त्यामुळे समुद्राविषयी त्याने आजवर जे जे लिहिलं ते सगळं खुर्चीवर बसून लिहिलं.

या बाईला तोंडावर सगळे वहिनी म्हणतात. पाठ वळली की तीनबोटी.

तिची गोष्ट समजायची तर आधी खांब समजले पाहिजेत. खाडीच्या तोंडाशी खांबांच्या सव्वीस जोड्या रोवलेल्या आहेत. प्रत्येक जोडीत पिशवीसारखं एक जाळं बांधायचं. ओहोटीचं पाणी समुद्राकडे धावताना मासे आणून त्यात कोंबतं. पाणी थांबलं की पाऊण तास हातात असतो. तेवढ्यात जाळं होडीत ओढून घ्यायचं. उशीर झाला तर भरती उलट लागते, आणि मग जाळं, होडी आणि माणूस यांतलं आधी काय तुटेल ते सांगता येत नाही. ओढायला दोन माणसं लागतात. एकाने दोर ओढायचा, दुसऱ्याने तो खांबाला वेढा देऊन धरून ठेवायचा. धरणाऱ्याचं काम सोपं असतं, असं ओढणारे म्हणतात.

संस्थेची कलमं बरीच आहेत, पण माणसं दोनच पाठ करतात. कलम चार: होडीवर स्त्री आढळल्यास त्या सभासदाचे खांब एक हंगाम बंद. कलम नऊ: सलग पंधरा दिवस खांबांवर जाळे नसल्यास जागा संस्थेकडे जमा. पहिलं कलम अब्रूसाठी आणि दुसरं पोटासाठी आहे, आणि दोन्ही एकाच वेळी पाळणं कोणाच्याच बापाला जमलेलं नाही.

एकवीस वर्षांपूर्वी सव्वीस नंबरवाल्याचा जोडीदार तापाने पडला. पंधरा दिवस भरत आले. तेव्हा सव्वीस नंबरवाल्याने बायकोला आपला जुना रेनकोट घातला, डोक्यावर टोपी दाबली आणि तिला होडीत घेतलं. तिने दोर धरायचा होता. धरला. पाणी फिरलं, दोर खांबावर करकचला, आणि तिच्या हाताची दोन बोटं वेढ्याच्या आत राहिली, बाकीची ती बाहेर. हाडाचा आवाज वाळकी काटकी मोडावी तसा आला, असं ती सांगते. आणि काटक्या रोजच मोडत असल्यामुळे पहिल्यांदा तिला तो ओळखूच आला नाही.

नवऱ्याने आधी तिच्या कानाखाली वाजवली.

“दोर का सोडलास?”

मग खाली बघितलं. मग अंगातला सदरा काढून तिच्या हाताला बांधला. जाळं मात्र पूर्ण ओढून घेतलं; एका हाताने दोर तिनेच धरला.

दवाखान्यातल्या कंपाउंडरने विचारलं, “कसं झालं?”

“घरी. खिडकीत सापडलं बोट,” नवरा म्हणाला.

“बोट? दोन गेलीत.”

“दोन खिडक्यांत.”

कंपाउंडरने त्याच्या चिखलाने भरलेल्या पायांकडे बघितलं, तिच्या अंगावरच्या रेनकोटकडे बघितलं आणि लिहून घेतलं. कंपाउंडरचा भाऊ सभासद क्रमांक अकरा होता. त्याची बायकोही अधूनमधून रेनकोट घालायची.

त्यानंतर ती रोजच जाऊ लागली. जोडीदार बरा झाला, पण त्याला परत घेतलं नाही. नवऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे तो फार बोलायचा. बायकोही बोलायची, पण तिला मारता यायचं. नवरा मारायचाही. पाणी चांगलं असलं तर हाताने, वाईट असलं तर वल्ह्याने. एकदा त्याने तिच्या खांद्याचं हाड मोडलं आणि मग तीन आठवडे तोच कुरकुरत होता, की हिला दोर धरता येत नाही म्हणून.

रोज पहाटे पंचवीस होड्यांतले शंभर डोळे सव्वीस नंबरच्या होडीतल्या त्या बुटक्या रेनकोटकडे बघत आणि काही न दिसल्यासारखं करत. संस्थेला एकवीस वर्षं काहीही आढळलं नाही.

दोन बोटं गेल्याने तिच्या हातात एक बदल झाला. जाळं तुणताना, म्हणजे फाटलेला भाग सुईने पुन्हा विणताना, गाठ घट्ट बसेपर्यंत सूत डाव्या करंगळीने ताणून धरावं लागतं. तिच्याकडे करंगळी नव्हती. मग ती सूत दातात धरायला लागली आणि गाठ उलट्या अंगाने पडायला लागली. अंधारात बोट फिरवलं तरी कळावं, अशी डावीकडे टचकन टोचणारी उलटी गाठ. पुरुष हसले. “तीनबोटीची गाठ!” मग दोन हंगामांनी त्यांच्या लक्षात आलं, की त्यांच्या सरळ गाठी ओढीला सरकतात आणि तीनबोटीची गाठ सरकत नाही.

याची जाहीर चर्चा झाली नाही. एक एक करून बायका आपलं फाटकं जाळं बोचक्यात बांधून, वर धुणं टाकून, तिच्या दारी आणू लागल्या. तिचं घर म्हणजे पत्र्याची एक खोली; एका भिंतीला चूल, एका भिंतीला खाट, आणि उजेड लागणारं सगळं काम उंबरठ्यावर. तिथे बसून पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून ती तुणायची. घेऊन जाताना प्रत्येकीचं एकच सांगणं: “वहिनी, कुणाला बोलू नका हं. हे चारचौघांत सांगतात की मीच विणतो म्हणून.” ती बोलली नाही. त्यामुळे वस्तीतला प्रत्येक पुरुष समजत राहिला, की आपलं एकट्याचंच जाळं तिच्याकडे जातं.

फक्त एकाच माणसाने तिला आपल्या जाळ्याला सुई लावू दिली नाही. तिच्या नवऱ्याने. “बायकोने तुणलेलं जाळं घेऊन मी खाडीत जाणार? लोक काय म्हणतील?” हे तो होडीत तिला समोर बसवून म्हणायचा.

तो मेला तो अमावास्येच्या मोठ्या ओढीत. जाळ्याची सरळ गाठ सरकली, एक बाजू सुटली, ती पकडायला तो कठड्यावरून वाकला आणि होडी फिरून खांबावर आदळली. तो मध्ये होता. छाती बसली. तोंडातून आधी शिवी आली आणि मग रक्त आलं. शिवी अर्धीच राहिली. तिने त्याला काखेत हात घालून होडीत ओढलं, तो पंचाऐंशी किलोचा होता. मग जाळं ओढलं. मग वल्हवत धक्क्याला आली. संस्थेच्या अहवालात लिहिलं आहे: “सभासद एकटेच गेले होते. त्यांचा मृतदेह होडीसह आपोआप धक्क्याला लागला.”

नवरा गेल्यावर वस्तीचे डोळे अचानक उघडले.

दीर आला. नवऱ्याचा धाकटा भाऊ, सभासद क्रमांक सात. “वहिनी, दादाचे खांब आता माझे. तुझ्याकडे कोण आहे जाणारं?”

“मी आहे.”

“बाई माणूस होडीवर? कलम चार!”

ती सेक्रेटरीकडे गेली. सेक्रेटरीने चष्मा पुसला. “कलम असं म्हणतं, की त्या सभासदाचे खांब एक हंगाम बंद.”

“सभासद मेला की.”

“तेच म्हणतोय. मेलेल्या सभासदावर कारवाई करायची तरतूद नाही.”

“मग मी जाऊ?”

“मी जा म्हटलेलं नाही,” सेक्रेटरी म्हणाला. “नको असंही म्हटलेलं नाही. पंधराव्या दिवशी सकाळी कार्यकारी मंडळ पाहणीला येईल. जाळं दिसलं तर जागा तुमच्याकडे राहील, निदान सभेत निकाल लागेपर्यंत. नाही दिसलं तर दिराकडे.”

प्रश्न दुसऱ्या माणसाचा होता. ते माणूस बाराव्या दिवशी स्वतःच दारात येऊन उभं राहिलं. तिची जाऊ. दिराची बायको.

“ताई, मी धरते दोर.”

“तुझा नवरा जीव घेईल.”

“घरात बसले म्हणून सोडतोय का? निदान मासे तरी मिळतील.”

त्या दोघींनी बाराव्या दिवशी नवऱ्याचं जाळं सव्वीस नंबरच्या खांबांना बांधलं. तेच जाळं, सुटलेली बाजू दोराने आवळलेली, बाकी सगळ्या गाठी नवऱ्याच्या. तुणायला वेळच नव्हता. तेराव्या दिवशी पहिली टोपली घेऊन त्या धक्क्याला लागल्या, तेव्हा दीर वर उभा होता. त्याने वल्हं उचललं आणि बायकोच्या तोंडावर आडवं मारलं. ती पायऱ्यांवर बसली, हाताच्या ओंजळीत तीन दात घेऊन, कुणाला द्यायचे असावेत तशी. जबडा एका बाजूला सरकला होता. दिराने दुसऱ्यांदा वल्हं उचललं.

होडी खांबाशी ओढून धरायला लांब दांडीचा लोखंडी आकडा असतो. तो तीनबोटीच्या हातात होता. तिने तो दिराच्या मांडीत घातला, मागून, आणि मोठा मासा फिरवतात तसा फिरवला. दीर धक्क्यावर पडला आणि अर्ध्या वस्तीला ऐकू जाईल असा ओरडला. वर्तनाच्या रकान्यात जो “एक प्रसंग” वगळला आहे तो हा. वल्ह्याचा प्रसंग कोणत्याच रकान्यात नाही. तो घरगुती होता.

“भावजय असून आकडा मारतेस?” धक्क्यावरचं एक म्हातारं म्हणालं.

“सुरी लांब पडली होती,” ती म्हणाली.

जाऊ त्या दिवसापासून पत्र्याच्या खोलीत राहायला आली. जबडा फडक्याने डोक्याशी बांधलेला. बोलता येत नव्हतं, पण दोर धरायला तोंड लागत नाही.

पंधराव्या दिवशी पहाटे खाडीवर धुकं होतं, हाताला लागेल असं. दीर मांडी बांधून, लंगडत, एकटाच होडी घेऊन निघाला. बरोबर सुरी. पाहणीला मंडळ यायच्या आत सव्वीस नंबरचं जाळं फाडून टाकायचं होतं. भरती पूर्ण होती. खांबांवर नंबर कोरलेले आहेत, पण ते मध्यावर आहेत, आणि भरतीला पाण्याखाली जातात. नंबर कुठे कोरावेत हे मंडळाने सभागृहात बसून ठरवलं होतं. धुक्यात सगळे खांब सारखे. पण दीर मूर्ख नव्हता. तीनबोटीची गाठ कोण ओळखणार नाही? तो खांबाशी होडी लावायचा, पाण्यात हात घालून जाळ्यावर बोट फिरवायचा. टोचलं की हेच.

पहिल्याच ठिकाणी टोचलं. त्याने मनापासून जाळं फाडलं, वरपासून हात पोचेल तिथपर्यंत. परत फिरला तर धुक्यात होडी दुसऱ्या खांबाला लागली. सहज हात घातला. टोचलं. मग मघाचं कुणाचं होतं? त्याने ठरवलं, की मघाशी आपला भास झाला, हेच खरं. तेही फाडलं. तिसऱ्या ठिकाणी टोचलं तेव्हा त्याला राग आला. चौथ्या ठिकाणी त्याने विचार करणं थांबवलं. मध्ये एका जाळ्याला हात लावला तर गुळगुळीत, सरळ गाठी. हे कुणा पुरुषाचं, म्हणून ते सोडून दिलं. ते सव्वीस नंबरचं होतं. पुढे आणखी फाडत गेला. सातवं जाळं फाडताना त्याला ते ओळखीचं वाटायला हरकत नव्हती, कारण ते त्याचं स्वतःचं होतं. त्याच्या बायकोने गेल्याच हंगामात धुण्याखाली लपवून नेलं होतं.

नवव्या जाळ्याच्या चिंध्या त्याच्या सुकाणूत गुंडाळल्या आणि होडी थांबली. मग ओहोटी लागली, धुकं विरलं, आणि चिखलावर कलंडलेल्या होडीत सुरी घेऊन बसलेला सभासद क्रमांक सात कार्यकारी मंडळासह सर्वांना दिसला. त्याच्यामागे नऊ जाळी खांबांवर लोंबत होती.

पुरुष गुडघाभर चिखलातून गेले. घाई नव्हती, तो कुठे जाणार होता? पहिल्याने त्याला केसाला धरून खाली ओढलं, दुसऱ्याने बरगड्यांत लाथ घातली, आणि मग ज्याला जे सापडलं त्याने तो मारायला लागला. दीर चिखल ओकत ओरडला, “अरे तिचंच होतं! उलट्या गाठी होत्या! सगळीकडे तिच्याच उलट्या गाठी!”

क्षणभर सगळे थांबले. प्रत्येकाने उरलेल्यांकडे बघितलं. वीस वर्षं चारचौघांत ‘मीच विणतो’ म्हणणाऱ्या आठ पुरुषांनी एकमेकांना ओळखलं, आणि ओळखल्यावर करण्यासारखं दुसरं काहीच नसल्यामुळे दिराला आणखी जोराने मारलं. गुडघ्याची वाटी तेव्हा फुटली.

दोन्ही बायका बाजूने होडी वल्हवत गेल्या. पाणी थांबलं होतं आणि पाऊण तासच हातात होता. जावेने जाताना एकदा मान वळवून बघितलं. तीनबोटी म्हणाली, “बघायचं ते दोर धरून बघ.” सव्वीस नंबरच्या खांबांवर जाळं होतं. मंडळाने ते पाहिलं. पाहणी झाली.

आता नऊ जणांच्या खांबांवर जाळं नव्हतं, आणि कलम नऊ त्यांनाही लागू होतं. नवीन जाळं यायला महिना लागतो. पुरुष स्वतः तुणायला बसले. पंधरा-वीस वर्षांत हाताची सवय गेलेली; दोन दिवसांत त्यांनी सुया मोडल्या, बोटं कापून घेतली आणि मासा सोडून सगळं अडकेल असं काहीतरी तयार केलं. मग बोचकी निघाली. या खेपेला वर धुणं नव्हतं.

तीनबोटी उंबरठ्यावर बसून होती. “ठेवा खाली. सव्वीस नंबरला माझं नाव चढलं, की सुई उचलते.”

“वहिनी, बायकांची नोंद नसते.”

“मग बायकांच्या गाठीची तरी कशाला?”

पाचव्या दिवशी कुणीतरी तिच्या होडीच्या तळाला पहारीने भोक पाडलं. दोघींनी ते फळी ठोकून बुजवलं. सातव्या दिवशी पत्र्यावर दगड आले. नवव्या दिवशी, भर दुपारी, अकरा नंबर आणि चौदा नंबर खोलीत शिरले. एकाने जावेला चुलीशी दाबून धरलं. दुसऱ्याने तीनबोटीचा डावा हात उंबरठ्यावर आपटला, वर गुडघा ठेवला आणि तिचं मधलं बोट मागे वाकवलं.

“बसतेस का तुणायला? का उरलेली तीनही मोडू?”

तिच्या कपाळावर घाम आला होता. आवाज मात्र बाजारात भाव करताना असतो तसाच होता.

“मोड की. मग गाठ कोण मारणार? तुझा बाप?”

चौदा नंबरने विचार केला. त्याला विचार करायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ बोट वाकलेलंच होतं. मग त्याने गुडघा काढला. जाताना दोघांनी चूल लाथाडली, पण ते केवळ रिकाम्या हाताने परतायची लाज वाटली म्हणून.

तेराव्या दिवशी मंडळाची तातडीची सभा झाली. सातपैकी पाच जणांची जाळी फाटलेली असल्यामुळे ठराव एकमताने झाला. सेक्रेटरी नोंदवही उघडून बसला. तीनबोटी उभी होती. तिला खुर्ची द्यायची तरतूद नव्हती.

“मासेमारीचा पूर्वानुभव?”

“एकवीस वर्षं.”

अध्यक्ष खोकले. “असं कसं लिहायचं? मग एकवीस वर्षं कलम चार मोडलं जात होतं आणि आम्ही सगळे बघत होतो, असं होईल.”

“होतातच की बघत.”

“निरंक लिहा,” अध्यक्ष म्हणाले.

सेक्रेटरीने लिहिलं. “आणि ही बोटं?”

“दोरात गेली.”

सेक्रेटरीची लेखणी थांबली. “बाई, अनुभव निरंक आणि बोटं दोरात, हे एका पानावर बसत नाही हो.”

“मग तुमच्या पानावर जे बसतं ते घाला. दवाखान्यात खिडकी लिहिलंय. माझं नाव तेवढं नीट लिहा.”

“नाव नवऱ्याच्या नावानेच लिहायची पद्धत आहे.”

भरतीला अजून दोन तास होते आणि उंबरठ्यावर नऊ बोचकी होती. “खांब कुणाचे?” तिने विचारलं.

“तुमचे.”

“पुन्हा म्हणा.”

“सव्वीस नंबरचे खांब तुमचे. ओढायचे तुम्ही, मरेपर्यंत.”

“लिहा मग.”

नऊ जाळी तिने दोन दिवसांत तुणली. मधलं बोट सुजून दुधी भोपळ्यासारखं झालं होतं, त्यामुळे यावेळी गाठ आणखी वेगळी पडली. आता ती दोन्ही बाजूंनी टोचते. दहावं जाळं तिने नवऱ्याचं घेतलं. दिराची हाडं जुळली, गुडघा जुळला नाही; तो धक्क्यावर बसून मासे निवडतो. त्याची बायको त्याच्यासमोरून टोपली घेऊन जाते आणि थांबत नाही. नोंदवहीत सव्वीस नंबरच्या होडीवरच्या जोडीदाराचा रकाना कोरा आहे.

नोंदवहीवर अध्यक्षांची सही व संस्थेचा शिक्का असून, नोंदींची प्रत्यक्ष घरी जाऊन खातरजमा केल्याचा दाखला सेक्रेटरीने खाली जोडला आहे.

त्या घराला खिडकी नाही.